खोटे तीन दिवस

मार्गळी लागली की आमच्या गल्लीला तुपाचा वास येतो. महाराष्ट्रात मार्गशीर्ष-पौष म्हणतात, तोच हा तमिळ महिना. पहाटे साडेचारला देवळावरचा कर्णा सुरू होतो, दारोदारी बायका सडा टाकून कोलमची रांगोळी काढायला वाकतात, कोलमच्या मध्यावर शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. सगळे म्हणतात, किती पवित्र महिना! असेल. मला मात्र या महिन्यात अजूनही मळमळतं. खोटं कशाला सांगू? एकदा एक अख्खा हंगाम खोटं वागून झालंय, तेवढं जन्माला पुरे.

त्या मळमळीला एक चव आहे. उडदाच्या कळीची. काळे उडीद सालासकट दळायचे, ताडगुळाच्या पाण्यात शिजवायचे, ढवळत ढवळत त्यात तिळाचं तेल ओतत राहायचं. शेवटी काळा, तुळतुळीत, थरथरणारा गोळा होतो. त्याला बोटाने मध्यात खड्डा करायचा आणि त्यात आणखी तेल. मुलगी वयात आली की तिला ही कळी खाऊ घालतात, कंबर घट्ट होते म्हणून. तेराव्या वर्षी मी ती आवडीने खाल्ली होती. तेविसाव्या वर्षी माझी पाळी येईनाशी झाली, तेव्हा अम्माने पुन्हा तीच कळी सुरू केली. रोज सकाळी, अनशापोटी. टाळूला चिकटायची, गिळली तरी गिळल्यासारखी वाटायची नाही. तेल ओठांवरून हनुवटीवर उतरायचं, आणि हनुवटीवर तर आधीच नको ते उगवलेलं होतं.

"गीळ डी," अम्मा म्हणायची, 'गं'च्या जागी तमिळ 'डी'. "कंबरेंत बळ नाहीं म्हणून येत नाहीं."

मी गिळत होते आणि फुगत होते. पाळी येत नव्हती म्हणून कळी वाढत होती, कळी वाढत होती म्हणून वजन वाढत होतं, आणि वजन वाढत होतं म्हणून पाळी आणखी लांब जात होती. हे आज एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा ते एका ताटलीत रोज समोर यायचं.

आम्ही तंजावूरचे मराठे, राजवाड्यामागच्या गल्लीतले. वाडवडील भोसल्यांच्या पागेत होते असं सांगतात. माझे अप्पा शिंपीकाम करायचे. बायकांची पोलकी शिवायचे, ओसरीवरच्या पायमशीनवर. आमच्या घरात मराठी होती ती तोंडात. देवनागरी वाचता येणारी मी पहिली, आणि पदवी घेणारीही मी पहिली. प्राणिशास्त्र, पहिला वर्ग. हे मी मिरवते. मिळवलेलं मिरवायला लाजायचं कशाला? गल्लीत नुकत्या केबलच्या तारा आल्या होत्या, कोपऱ्यावर पिवळा एसटीडी बूथ झाला होता, आणि नवीन निघालेल्या इंग्रजी शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले होते. अंडाशयाची आकृती मी डोळे मिटून काढू शकत असे. आणि घरी येऊन कळी गिळत असे. स्वतःची किळस यायला एवढं पुरेसं आहे.

शिवाय मान होती. मानेच्या मागे घडीत काळा पट्टा आला होता, मखमलीसारखा. अम्माला वाटे मळ. दर शुक्रवारी न्हाताना ती नारळाच्या काथ्याने माझी मान घासायची. "केवढा मळ! शिकलीस, पण मान धुवायचें शिकली नाहींस." कातडी सोलवटायची, चुरचुरायची, पट्टा तिथेच. हनुवटीवरच्या केसांना कस्तुरी हळदीचा खडा. पिकलेल्या पुटकुळ्यांना चंदन. हळदीने पिवळी, चंदनाने पांढरी, मध्ये लाल. मी आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता.

अप्पा यातलं काही बोलत नसत. पण माप त्यांच्या हातात होतं. सहा महिन्यांत त्यांनी माझ्या पोलक्यांच्या शिवणी दोनदा उसवल्या, आत सोडलेली जादा कापडाची माया बाहेर काढली, पुन्हा टीप मारली आणि घडी करून माझ्या ट्रंकेवर ठेवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. घरात माझ्या शरीराबद्दल न बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच सगळं इंचांत माहीत होतं.

दिवाळीनंतर मी हट्टाने डॉक्टरणीकडे गेले. अम्मा सोबत आली, कारण एकटी मुलगी तिथे दिसली तर गल्लीत काय शिजलं असतं ते तिला ठाऊक होतं. मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर नवं स्कॅन सेंटर झालं होतं, काचेचं दार, आत बर्फासारखा एसी. तांब्या तांब्याने पाणी पिऊन, मांड्या आवळून बसायचं. तिथे बसलेल्या सगळ्या गरोदर. एकीने प्रेमाने विचारलं, "कितवा महिना?" अम्माने माझ्याआधी उत्तर दिलं, "पोटांत खडा आहे."

पडद्यावर राखाडी पावसात काळे काळे थेंब गोल करून बसले होते. मण्यांसारखे. डॉक्टरणीबाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, बोलणं तमिळमधलं, फटकळ नाही. त्यांनी माझी मान पाहिली आणि अम्माला म्हणाल्या, "हा मळ नाही. घासू नका. हा त्याच दुखण्याचा भाग आहे." मग मला म्हणाल्या, "बीजकोशात बिया तयार होतात, पण पिकून बाहेर पडत नाहीत. तू टीचर ना? मग ऐक. साखर बंद. भात एक वाटी. नाचणी, कुळीथ, पालेभाजी, ताक. रोज पाऊण तास चाल, घाम येईल असं. वजन थोडं उतरलं तरी फरक पडू शकतो. गोळी मी देईन, पण गोळीच्या जिवावर बसू नकोस. आणि तारखा लिहून ठेव. तारखांशिवाय माझ्याकडे येऊ नकोस."

अम्माने कळीचं विचारलं. बाई हसल्या नाहीत. "उडीद वाईट नाहीत हो. त्यातला गूळ आणि तेल कोण मोजतंय?"

कावेरीच्या काठी भात नाकारणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. चारी दिशांना भात उभा, सकाळी भाताची इडली, दुपारी भातावर तीनदा वाढणं, सांबाराचा, रसमचा, ताकाचा, आणि रात्री उरलेल्यावर पाणी. त्यात मी नाचणीच्या पिठाचा गोळा घेऊन बसले. अम्मा ताटासमोरून उठून गेली.

"हें मजुरांचें अन्न. दुष्काळी गांवचें. आम्हीं काय तुज भात घातला नाहीं?"

"घातलास अम्मा. म्हणून तर."

"तोंड बघ. डिग्री बोलते."

नाचणी मला आवडत होती असं नव्हे. करड्या रंगाची, घशात अडकणारी, ओल्या मातीच्या चवीची. कुळथाच्या कढणाचा वास तर घोड्याच्या तोबऱ्यासारखा. वाडवडील पागेतले होते याची तेव्हा खात्री पटली. पण ही किळस मी स्वतः निवडलेली होती. दुसरी, कळीची, मला भरवलेली होती. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक जिभेला कळतो.

आता त्या हंगामाची खरी गोष्ट. ती सांगताना आजही हात धुवावेसे वाटतात.

आमच्या घरात पाळीच्या बाईने तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं. वेगळी चटई, ॲल्युमिनियमचं ताट, एक पेला. मागची भिंत कमरेएवढी. पलीकडे शेजारच्या मामींचं अंगण, त्यापलीकडे आणखी एक. म्हणजे कोणत्या घरातली कोण कधी बसते, हे गल्लीला पंचांगासारखं पाठ. आणि पद्मा, म्हणजे मी, सात महिने बसलेली नाही, हेही पाठ. आत्या माझ्यासाठी कुंभकोणमचं स्थळ बघत होती. मार्गळीत लग्नाचं बोलत नाहीत. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, तै महिना लागला की मंडळी येणार होती. त्याआधी ते लोक गल्लीत चौकशी करणार, हे ठरलेलंच.

म्हणून अम्माने मला खोटं बसवलं.

पहिल्यांदा दिवाळीच्या महिन्यात. शाळेतून आले तर पडवीत चटई घातलेली. "बस," अम्मा म्हणाली.

"आली नाहीये अम्मा."

"मज ठाऊक आहे. बस."

मी बसले. पहिला वर्ग, प्राणिशास्त्र, आणि बसले. शाळेत पोटदुखीची रजा कळवली. मामींनी भिंतीवरून मान उंचावली. "काय गं, आली का शेवटी? बरं झालं. आम्हाला काळजी!" त्यांच्या आवाजात निराशा होती, स्पष्ट.

याची शिसारी नाही आली मला. नाटक म्हणून मी तेही केलं असतं. शिसारी आली ती संध्याकाळी. अम्मा पाणी घेऊन आली आणि माझ्या पेल्यात वरून, वीतभर उंचीवरून, धार धरून ओतू लागली. पदर आवरून, माझा स्पर्श होऊ नये म्हणून. मामी आत गेल्या होत्या. बघणारं कुणी नव्हतं. माझ्या अंगात विटाळाचा थेंब नाही, हे जगात दोघींनाच पक्कं माहीत होतं, त्यातली एक ती. तरी ती शिवेना. ताट जमिनीवरून सरकवलं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायला लावलं, चटई धुतली, पडवीवर पाणी मारलं. न झालेल्या गोष्टीची इतकी साफसफाई मी पुन्हा पाहिली नाही.

आणि भिंतीवरच्या सोनाराच्या कॅलेंडरवर कुंकवाचे तीन ठिपके लावले. पुढल्या महिन्यात पुन्हा तीन, बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यापुढे पुन्हा. माझी पाळी कागदावर घड्याळासारखी चालत होती.

चालणं मार्गळीतच सुरू झालं. त्याआधी पाऊस होता. मुलीने नुसतं चालायचं, कुठे न जाता, ही कल्पनाच गल्लीला परकी. म्हणून अम्माने माझ्या हातात फुलांची परडी दिली. परडी असली की देवळात. मी पाच वाजता निघायची. धुक्यात बायका वाकलेल्या, त्यांच्या चिमटीतून सुटणारी पांढरी रेघ, केसांना बांधलेले टॉवेल. "इतक्या लवकर देवाला? नवरा चांगला मिळेल गं!" मी मोठ्या देवळाच्या कोटाबाहेरून, खंदकाच्या कडेने, फेरी घालायची. खंदकात शेवाळ, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नव्या थंड पेयांच्या बाटल्या. पण वर आकाश फिकट होत जायचं, शिखर आधी राखाडी, मग ताकासारखं, मग मधासारखं. दुसऱ्या फेरीला घाम फुटायचा. थंडीतला घाम. स्वतःच्या शरीराबद्दल त्या हंगामात मला एकाच क्षणी किळस वाटत नसे, तो हा. मग देवळातून प्रसादाचा द्रोण मिळायचा, तुपात निथळणारा गोड पोंगल, गूळ-मूगडाळीचा भात. तो मी दाराशी बसलेल्या म्हातारीला द्यायची. ती म्हणायची, "उपास का गं?" मी म्हणायची, "हो, महिन्याभराचा." तेवढंच एक खोटं मी आनंदाने बोलले.

मार्गळीच्या शेवटी एक दिवस पोलकं घालताना हात सहज गेला. मी अप्पांकडे बघितलं. ते सुईत दोरा ओवत होते. "अर्धा इंच आंत घेतलें," ते म्हणाले. "सैल होत होतें." दोरा ओवला गेला. इतक्या महिन्यांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते एकमेव स्वच्छ वाक्य.

पोंगलच्या चार दिवस आधी पुन्हा डॉक्टरणीकडे जायचं होतं. अम्मा सोनाराचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन निघाली. मला वाटलं, वाटेत कुठे पोचवायचं असेल. बाईंनी वजन केलं, मान डोलावली, "तारखा?" म्हणाल्या. अम्माने गुंडाळी टेबलावर उलगडली.

बाईंनी चष्मा लावला. ठिपके मोजले. त्यांचा चेहरा उजळला. "वा! तीन महिने नियमित? मग गोळीचं कामच नाही. बंद करू." आणि पेन उचललं.

अम्मा माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या पेनाकडे बघत होती, जसं काही ते पेन एकदा खाली आलं की खोटं खरं होणार होतं. खरंच होत होतं. गल्लीने मानलं, आता डॉक्टर मानणार, उरले मी. आणि मी मानलं असतं तर माझ्या पोटात काय चाललंय हे सांगायला पृथ्वीवर कुणीच उरलं नसतं.

"ते खोटं आहे," मी म्हणाले. "एकदाही आली नाही. मला नुसतं बसवतात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी कॅलेंडर नीट गुंडाळलं, अम्माच्या हातात दिलं. "अम्मा," त्या म्हणाल्या, "मी औषध हिला देऊ, की सोनाराला?"

टाउन बसमध्ये अम्मा खिडकीकडे तोंड करून बसली. जुनं बसस्टँड आलं. मग म्हणाली, "माझी लाज काढलीस."

"माझं दुखणं लपवत होतीस."

"मी तीस वर्षें बसलें, खरी बसलें. उन्हांत, पावसांत, त्याच पडवींत. कोणी एकदां विचारलें नाहीं, दुखतें का. तुज डॉक्टर विचारते, मशीन विचारतें. तुज काय कळणार?"

मला कळलं होतं. तरी किळस कमी झाली नाही. दोन्ही एकाच पोटात राहतात, हे मात्र कुठल्या आकृतीत काढलेलं नव्हतं.

आज अम्माला साखरेचा आजार आहे. ती रोज नाचणीचा गोळा खाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "फार चांगली हो, पूर्वीचीं माणसें हेंच खात." मजुरांचं अन्न म्हटलेलं तिला आठवत नाही. मी आठवण करून देत नाही. फक्त तिच्या ताटात कुळथाचं कढण जरा जास्त वाढते. मी अजून चालते, परडीशिवाय. भात एक वाटी. हनुवटीवर एखादा केस येतो, उपटते. हे दुखणं जात नाही, त्याच्याशी रोज भांडून घरात जागा ठरवावी लागते. आणि लग्न झालं का, मूल झालं का, हे वाचणाऱ्यांना विचारायचं असेल तर नाही सांगणार. तेही भिंतीवरून मान उंचावणंच झालं.

त्या वर्षी पोंगलच्या दिवशी पहाटेच आत्या येऊन बसली होती. अंगणात तीन विटा, त्यावर नवं मडकं, त्याच्या गळ्यात ओल्या हळदीचं पानासकट रोप, बाजूला उसाची जोडी. आत्याने मला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने चाचपलं, जशी बाजारात वांगी चाचपतात. "उतरलीस गं. बरें दिसतें. परवां येतील ते. नियमित आहे ना सगळें?" हे अम्माला.

"बारा दिवसांपूर्वींच तर बसली," अम्मा म्हणाली.

मी तांदूळ धुवायला न्हाणीकडे गेले, आणि तिथे मला कळलं. दहाव्या महिन्यात, कळीशिवाय, कुंकवाशिवाय, आपल्या मनाने. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पोटात पिळवटत होतं आणि मला हसू येत होतं. इतकी लाल, इतकी खरी गोष्ट मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

अम्माला खूण करून बोलावलं, सांगितलं. तिचा चेहरा आधी फुलला. ते मी पाहिलं, ते मी तिच्या नावावर लिहून ठेवलंय. मग तिने मागच्या पडवीकडे बघितलं. मग अंगणात, आत्याकडे. बारा दिवस. आता ही बसली तर महिन्यात दोनदा. मामी भिंतीशी उभ्याच होत्या, ऊस सोलत.

"कोणास सांगूं नको," ती कुजबुजली. "बसूं नको. चल आंत. पोंगल तूं ढवळ, म्हणजे कोणास शंका नको." आणि तिने माझा हात धरला. घट्ट, कोपरापासून. तीन महिने कोरड्या अंगाला जी शिवली नव्हती, ती खऱ्या विटाळाला हाताला धरून देवाच्या मडक्याशी नेत होती.

मी ढवळलं. दूध चढलं, फेस गळ्यातल्या हळदीला लागला, उतू आलं, विटांवर चर्र झालं. "पोंगलो पोंगल!" सगळे ओरडले. आत्या म्हणाली, "पोरीचा हात शुभ आहे." सूर्याला दाखवून झालं. केळीच्या पानांवर वाढलं. आत्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, तूप तिच्या बोटांवरून मनगटाकडे निघालं.

माझ्या घशाशी ती जुनी कळी आली. पुन्हा एकदा गिळायची होती, बस.

"आत्या," मी म्हणाले, "मी आज बाहेरची आहे. आत्ताच आली. याआधी दहा महिने आलीच नव्हती. बसत होते ते खोटं."

आत्याचा दुसरा घास पानावरून अर्ध्यात थांबला. पहिला तोंडातच होता. तो तिला गिळवेना, आणि सणाच्या दिवशी थुंकवेना. मामींचा कोयता उसात अडकला होता. अम्माने पदर तोंडावर घेतला. कुंभकोणमचं स्थळ त्या क्षणी गल्लीतून मागच्या मागे परत चाललेलं मला जवळजवळ दिसलं.

अप्पांनी सावकाश आपलं पान निपटलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं, जमिनीवरून नाही, हातात उचलून, आणि माझ्या बोटांना बोटं लागेपर्यंत पुढे धरलं.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "आणखी घाल."

मी पळी मडक्यात बुडवली.